मावळा खेळण्यातलाच राहू द्या

वसुबारसेच्या आठवडाभर आधी खडवली स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर मावळे येतात. पणत्या, रांगोळी आणि कंदिलांच्या शेजारी, गोणपाटावर, ओळीने. ढाल-तलवार घेतलेले, भाला घेतलेले, तुतारी फुंकणारे. तोफेजवळ उकिडवे बसलेले. त्यांच्यात मिसळून डोक्यावर घागर घेतलेली गवळण, टोपलीवाली भाजीवाली आणि एखादा पट्टेरी वाघ. त्यांतले बरेचसे आता मातीचे नसतात, प्लास्टरचे असतात. खाली पडले की आतला पांढरा गर उघडा पडतो. गेली काही वर्षे त्यांच्या मांडणीत आणखी एक बदल आम्ही पाहत आहोत. पूर्वी महाराजांची प्रतिमा या घोळक्यातच कुठेतरी असे. आता तिच्यासाठी वेगळे मेज असते. त्यावर मखमलीचा तुकडा, सोनेरी सिंहासने, डोक्यावर छत्र, उंची वीतभर ते हातभर, आणि किंमत मावळ्याच्या कित्येक पट. मावळे खाली जमिनीवर, गोणपाटावर.

हा बदल केवळ बाजाराचा नाही, असे आमचे मत आहे. दिवाळीचा किल्ला आणि त्यावरचा मावळा हे मराठी मुलांचे खेळणे होते. ते खेळणे हळूहळू मूर्तीत रूपांतरित होत आहे. खेळण्याची मूर्ती झाली की मुलाचा खेळ थांबतो, हे उघडच आहे. पण त्याच वेळी इतिहासही थांबतो, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. प्रस्तुत लेखाचा वाद या दुसऱ्या मुद्द्याशी आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि दोघेही खडवलीचे. वादाची सुरुवात स्वतःपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तीन वर्षांपूर्वी कल्याणच्या बाजूच्या एका गृहसंकुलात किल्ले-स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हांला बोलावले होते. किल्ले वीस-बावीस होते. बहुतेकांवर रायगडाचा फलक, विजेच्या माळा, ध्वनिक्षेपकावर पोवाडा आणि मागे आईवडिलांचे छायाचित्र असलेला फ्लेक्स. कोपऱ्यात एका तिसरीतल्या मुलाने एकट्याने केलेला किल्ला होता. विटांचे तुकडे, माती, वर उगवलेले हळीव, आणि तीन वेगवेगळे उंचवटे. नाव विचारल्यावर तो म्हणाला, ‘माहुली.’ मामाकडे आसनगावला जाताना त्याने तो डोंगर गाडीतून पाहिला होता. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे त्या डोंगराचे खरोखरच तीन भाग आहेत. मुलाला नावे ठाऊक नव्हती, पण आकार त्याने बिनचूक टिपला होता. त्याच्या किल्ल्यावर सिंहासन नव्हते. महाराजांची लहानशी प्रतिमा खाली, आरशाच्या तुकड्याच्या तळ्याकाठी, दोन मावळ्यांच्या शेजारी उभी होती. का, असे विचारले तर म्हणाला, ‘महाराज रात्री पहारा बघायला आलेत. कुणाला सांगितलं नाही त्यांनी.’

संयोजकांपैकी एक सद्गृहस्थ पुढे झाले. त्यांनी ती प्रतिमा उचलली, सर्वांत उंच टेकाडावर एक वीट ठेवली आणि तिच्यावर प्रतिमा बसवली. ‘महाराज असे खाली नसतात, बाळा,’ ते म्हणाले, प्रेमानेच म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. आमच्या हातातल्या गुणपत्रिकेत ‘सिंहासन व महाराजांची मांडणी’ असा दहा गुणांचा रकाना होता आणि त्याच्याच खाली ‘ऐतिहासिक अचूकता’ असा दुसरा. पहिल्या रकान्यात आम्ही त्या किल्ल्याला शून्य दिले. नियम तसा होता. चहा घेतला, श्रीफळ घेतले आणि परतलो.

वाटेत गाडीत आम्ही दोघांनी जे बोलायला हवे होते ते बोललो, म्हणजे उशिरा. त्या दोन रकान्यांचे एकमेकांशी भांडण होते आणि ते आम्ही परीक्षक असून सोडवले नाही. राज्याभिषेक १६७४ मध्ये रायगडावर झाला. सिंहासन तिथे होते. माहुलीवर नव्हते, स्वराज्यातल्या इतर शेकडो गडांवरही नव्हते. गडावर असे ते हवालदार, सरनोबत आणि सबनीस. दरवाजाच्या किल्ल्या, शिबंदी आणि हिशेब ही कामे तिघांत वाटलेली असत, आणि एकाच माणसाच्या मर्जीवर गड अवलंबून राहू नये हा त्या व्यवस्थेमागचा हेतू होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली, तीत ही रचना नोंदली आहे. गडाच्या घेऱ्यात, खालच्या मेटांवर, रामोशी, महार, बेरड यांचा पहारा असे. राजा समोर नसतानाही गड जागा राहतो, हीच तर त्या राज्यकारभाराची करामत. याचा अर्थ असा की ज्या किल्ल्यावर सिंहासन नाही तो किल्ला अधिक अचूक, आणि राजा अवचित पहारा पाहायला येतो ही मुलाची कल्पना त्या कारभाराच्या आत्म्याला धरून होती. अचूकतेच्या नावाखाली आम्ही अचूकतेलाच शून्य दिले.

आता कोणी म्हणेल, एका मुलाच्या दहा गुणांवरून एवढा कोलाहल कशाला? कोलाहल यासाठी की, तो रकाना आमच्या एकूण इतिहासदृष्टीचा रकाना आहे. तिच्यात राजाला जागा आहे, राज्याला नाही. मावळा आहे, पण तो शोभेपुरता. त्याला नाव नाही, गाव नाही, पोट नाही. ‘मावळा’ हा शब्दच मुळात एका मुलखाचा आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील उताराच्या खोऱ्यांतला, म्हणजे मावळातला माणूस तो मावळा. शेत पिकवणारा, गुरे राखणारा, रान आणि कडे यांच्याशी परिचित असलेला. सैन्यात दहा माणसांवर नाईक, पाच नाईकांवर हवालदार, त्यावर जुमलेदार, त्यावर हजारी अशी चढती रचना होती. म्हणजे आपल्याजवळच्या दहा जणांना नावाने ओळखणारा कोणीतरी त्यांच्यात होता. आमच्या गोणपाटावरच्या मावळ्याला मात्र ओळखणारा कोणीही नाही.

शिवाय हे सगळे मावळेच का? कोकणातले पायदळ हेटकऱ्यांचे, आणि बंदुकीच्या नेमाबद्दल हेटकऱ्यांची ख्याती होती. मातीचा हेटकरी कोणी पाहिला आहे काय? आम्ही राहतो तो ठाणे जिल्हा तर या इतिहासाच्या ऐन रस्त्यावर आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालराजाला घेऊन अखेरचा आश्रय घेतला तो माहुलीवर. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि कल्याणच्या खाडीत गलबते बांधण्यास आरंभ झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांना द्यावी लागली आणि १६७० मध्ये ती परत घेतली गेली. या खाडीतून जे आरमार उभे राहिले त्यात कोळी होते, भंडारी होते. त्याच्या नायकांत दर्यासारंग आणि दौलतखान होते. कल्याण-डोंबिवलीतल्या मुलाच्या घरापासून दुर्गाडी हाकेच्या अंतरावर आहे. पण त्याच्या दिवाळीच्या किल्ल्यापाशी एकही गलबत नसते, एकही खलाशी नसतो. कारण साचा नाही. साचा नाही कारण मागणी नाही, आणि मागणी नाही कारण आम्ही शिक्षकांनी या माणसांची नावे कधी वर्गात उच्चारली नाहीत. दोष कुंभाराचा नव्हे.

या ठिकाणी जगाकडे थोडे पाहणे उपयोगाचे होईल. खेळण्यातले शिपाई जमवण्याचा छंद युरोपात जुना आहे. जर्मनीत कथिलाचे चपटे शिपाई ओतले जात. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन कुटुंबाने शिशाचा पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली, त्यामुळे तो हलका आणि स्वस्त झाला, आणि सामान्य घरांतल्या मुलांच्या हाती आला. त्या शिपायांत साम्राज्याची मिरवणूक होती, हे नाकारण्याचे कारण नाही. हिंदी पलटणींतले शिपाईही त्या पेट्यांतून विकले गेले, आणि ते कोणाच्या दिमतीला उभे होते हे सांगायला नको. परंतु पुढे या शिपायांचे जे संग्राहक झाले, त्यांनी एक गोष्ट केली जी आम्ही केली नाही. त्यांचे लक्ष सामान्य शिपायावर राहिले. अमुक पलटणीची बटणे कोणत्या धातूची, तमुक साली पट्टा खांद्यावरून होता की कमरेला, पायात बूट होते की पट्ट्या, यांवर ते वर्षानुवर्षे वाद घालतात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. पण या वेडेपणाच्या मुळाशी एक आदर आहे: ज्याचे नाव इतिहासात राहिले नाही त्याचा निदान पट्टा तरी बरोबर असावा. जर्मनीत कुल्मबाख येथे प्लासेनबुर्ग नावाचा खराखुरा किल्ला आहे आणि त्या किल्ल्यात कथिलाच्या शिपायांचे संग्रहालय आहे. किल्ल्यात खेळण्यातल्या शिपायांना मानाची जागा! आमच्याकडे खेळण्यातल्या किल्ल्यातूनही शिपायाला खाली उतरवण्याची लगबग आहे.

आमच्याकडे संग्राहक नाहीत असे नव्हे. अलीकडे तर पुष्कळ झाले आहेत. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात रेझिनच्या वा धातूच्या प्रतिमा असतात, खाली दिवा असतो. या संग्रहात महाराज अनेक असतात. सिंहासनारूढ, अश्वारूढ, उभे. सरदार दोन-चार. मावळा एकही नाही. आम्ही अशा एका स्नेह्यांना हा प्रश्न केला, तेव्हा ते सहज म्हणाले, ‘मावळा कपाटात कोण ठेवतो? तो मुलांचा.’ उत्तर अगदी खरे होते. पण मग मुलांचा तरी राहू द्यावा! तोही आता स्पर्धेच्या रकान्यात गेला. कपाटाने त्याला घेतले नाही आणि अंगणाने सोडले.

आमच्या या प्रतिपादनावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. दोन्ही आमच्या परिचयाचे आहेत.

पहिला आक्षेप श्रद्धेचा. मुलांनी महाराजांविषयी आदर शिकायला नको काय? प्रतिमा पाण्याकाठी ठेवायची, हातात घेऊन पळायचे, एखादे वेळी ती मोडायची, हे शोभते काय? आम्ही विचारतो, आदर शिकण्याची मुलाची रीत कोणती? मूल ज्याच्याशी खेळते त्याला ते आपले मानते. ज्याला हात लावायचा नाही त्याच्यासमोर ते हात जोडते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते. महाराज पहारा पाहायला येतात अशी गोष्ट रचणारे मूल महाराजांच्या अधिक जवळ आहे, की विटेवर बसवलेल्या प्रतिमेला हार घालणारे? वंदनाला वर्षभरात दिवस पुष्कळ आहेत, पुतळे पुष्कळ आहेत. दिवाळीचे चार दिवस आणि अंगणातली दोन हात जागा तेवढी मुलांसाठी सोडावी, एवढेच आमचे मागणे आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच वर्तुळातून येतो, आणि तो अधिक सुसंस्कृत भाषेत येतो. तलवारी आणि तोफा मुलांच्या हाती देऊन तुम्ही हिंसेचे संस्कार करता, असे हे मित्र म्हणतात. यांनी किल्ला खेळणारी मुले नीट पाहिली आहेत का, अशी आम्हांला शंका येते. मुलांच्या किल्ल्यावर लढाई फार थोडा वेळ चालते. उरलेला सारा वेळ चिखल कालवण्यात, पायऱ्या कापण्यात, हळीव-मोहरीला पाणी घालण्यात, तळ्याची गळती थांबवण्यात जातो. तिथे गवळण असते, शेतकरी असतो, आणि वाघ कोणालाही न खाता उभा असतो. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले. छोटी लढाई खेळून पाहिली म्हणजे मोठी लढाई किती मूर्खपणाची गोष्ट आहे हे कळते, असा त्याचा दावा होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. तेव्हा दावा फोल ठरला असे म्हणता येईल. पण ते युद्ध खेळणाऱ्या मुलांनी सुरू केले नव्हते. माणसाला हिंस्र करते ती मातीची तलवार नव्हे. जिच्याविषयी प्रश्न विचारायचा नाही, अशी गोष्ट त्याला हिंस्र करते. खेळण्याविषयी प्रश्न विचारता येतो. मूर्तीविषयी येत नाही. म्हणूनच या मित्रांना आमचे सांगणे की त्यांचा खरा शत्रू अंगणात नाही, विटेवर आहे.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःवर घेतो: हे सारे गतकाळाचे गोडवे तर नव्हेत? आमच्या लहानपणीचा किल्ला फार निर्मळ होता असे नाही. भातसेच्या काठची तांबडी माती घमेल्याने आणून आम्ही किल्ला करत असू, तेव्हा कुंपणाबाहेर काही मुले उभी राहून पाहत. वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबांतली ती मुले. दिवाळी झाली की भट्ट्या लागतात आणि ही कुटुंबे पाड्यांवरून कामाला उतरतात. काही आधीच येऊन राहिलेली असत. माती कशी मळायची हे त्या मुलांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगले कळत होते. आम्ही त्यांना कुंपणाच्या आत बोलावले नाही. ज्या रानाच्या माणसांच्या बळावर गड उभे राहिले आणि राखले गेले, त्यांची मुले खेळण्यातल्या गडाच्याही बाहेर होती. हे आज आठवले की लाज वाटते. तेव्हा जुने दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. खेळ होता म्हणून कुंपण उघडता तरी आले असते, एवढेच म्हणतो. स्पर्धेला मात्र प्रवेशशुल्क असते आणि गृहसंकुलाच्या दाराशी रखवालदार असतो.

आमच्यापैकी एकाच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माळ्यावर आहे. गेल्या दिवाळीत तो काढून मोजणी केली. एकंदर अडतीस नग. एकवीस मावळे, दोन घोडेस्वार, तीन तोफा, चार गवळणी, एक भाजीवाली, एक शेतकरी, दोन वाघ, बंदूक घेतलेले हल्लीच्या सैन्यातले तीन जवान आणि महाराज एक. मावळ्यांपैकी सहांचे हात तुटलेले. दोघांना आगपेटीच्या काड्यांचे भाले बसवलेले. पायाखाली पाहिले तर साच्यातून काढताना कुंभाराचा अंगठा दाबला गेल्याच्या खुणा काहींवर स्पष्ट आहेत. आठ आण्यांना मिळणारे हे मावळे. त्यांची घडण कशी, रंग कोणते, पगडीचा आकार कोणत्या गावच्या साच्यात कसा बदलतो, याची नोंद करायला हवी होती, आणि ती मराठीच्या, इतिहासाच्या अध्यापकांनी करायला हवी होती. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे मानाने बसलेले आहेत. दिनकर केळकरांना रोजच्या वापरातल्या वस्तूत इतिहास दिसला म्हणून ते झाले. अडकित्त्याला जी जागा मिळते ती आठ आण्यांच्या मावळ्याला का मिळू नये?

कोणी विचारील, एकीकडे खेळू द्या म्हणता, दुसरीकडे जपून ठेवा म्हणता, हा विरोध नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. खेळून झालेले खेळणे जपावे. न खेळलेले कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. खेळणे आणि संग्रह, दोन्हींमध्ये वस्तू हातात घ्यावी लागते, उलटून पाहावी लागते, ती कोणी केली हे विचारावे लागते. मूर्तीला यांतले काहीच सोसत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला, जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. तट-बुरुजांची मोजमापे होतील, फलक लागतील. पण तटावर रात्र काढणाऱ्या माणसाचे काय? त्याची आठवण ठेवणारी, पिढ्यानपिढ्या घराघरात दरवर्षी नव्याने केली जाणारी एकच वस्तू आमच्याकडे होती, आणि ती मातीची होती.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. किल्ले-स्पर्धांच्या गुणपत्रिकेतून सिंहासनाचा रकाना काढावा. आईवडिलांनी माती कालवण्यापलीकडे हात लावू नये. शिक्षकांनी आपल्या तालुक्यातला गड मुलांना सांगावा. खडवलीच्या मुलांना माहुली आणि कल्याणच्या मुलांना दुर्गाडी ठाऊक असावी. कुंभाराकडे हेटकरी मागावा, खलाशी मागावा; मागितला तर तो साचा करील. आणि कुंपणाबाहेर कोणी उभे असेल तर त्याला आत बोलवावे.

त्या तिसरीतल्या मुलाचे नाव आम्ही विचारले नव्हते. पुढच्या वर्षी त्या संकुलात आम्हांला पुन्हा बोलावणे आले, तेव्हा आम्ही रकान्याविषयी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. बोलावणेही पुन्हा आले नाही. मुलगा आता सहावीत असेल. त्याने किल्ला करणे सोडले नसेल अशी आम्ही आशा करतो. सोडले असेल तर त्या शून्यावर सही आमची आहे.